व्हॅट तपासणीचं पत्र आलं की

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते स्वतःच्या नावावर कामं घेणाऱ्यांशी. रंगकाम असो, वायरिंग असो, फरशी असो नाहीतर संगणकाचं काम असो. बिल तुम्ही फाडता, व्हॅट म्हणजे मूल्यवर्धित कर तुम्ही लावता आणि त्याचं रिटर्नही तुम्हीच भरता. अशा माणसाला एक दिवस कर खात्याचं पत्र येतं. अमुक काळाची व्हॅट तपासणी करायची आहे, कागदपत्रं तयार ठेवा. पोटात गोळा येतो. मोठ्या कंपनीत अशा पत्रासाठी पगारी माणूस बसलेला असतो. तुमच्याकडे दिवसा शिडीवर चढणारे तुम्ही आणि रात्री वही उघडणारेही तुम्हीच.

अधिकारी एवढ्या बारकाईने कागद का बघतात, हे आधी समजून घेऊ. व्हॅट पहिल्यांदा आला फ्रान्समध्ये, १९५४ साली. मॉरिस लोरे हे तिथले कर खात्यातले अधिकारी, त्यांनी ही पद्धत बसवली. आज १७० हून जास्त देशांत ती कुठल्या ना कुठल्या नावाने चालते. भारतातला जीएसटीही त्याच जातीचा. ग्राहकाकडून घेतलेल्या करातून मालावर भरलेला कर वजा करायचा आणि उरलेला भरायचा, हे तुम्ही दर रिटर्नला करताच. त्याचा अर्थ मात्र नीट ध्यानात घ्या. तुमच्या फायलीतलं खरेदीचं प्रत्येक बिल हा सरकारकडे पैसे मागण्याचा कागद आहे. पुन्हा सांगतो, खरेदीचं बिल म्हणजे सरकारकडे पैसे मागण्याचा कागद. त्यावर विकणाऱ्याचा नोंदणी क्रमांक नसेल, तुमचं नाव नसेल, कर वेगळा दाखवलेला नसेल, तर मागणी फेटाळली जाऊ शकते. माल खरोखर आणला होता, हे सांगून भागत नाही.

आणि हो, दुकानातून मिळणाऱ्या त्या गुळगुळीत पावत्या. तो थर्मल कागद असतो. गाडीच्या काचेखाली उन्हात राहिला की अक्षरं उडून जातात. पावती हातात पडली की त्याच दिवशी फोटो काढा. तुम्हाला कागद वर्षानुवर्षं सांभाळायचे आहेत. ब्रिटनमध्ये किमान सहा वर्षं, भारतात जीएसटीखाली वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, जर्मनीत बिलं पूर्वी दहा वर्षं ठेवावी लागत, २०२५ पासून आठ. एवढा काळ टिकायची ताकद त्या पावतीत नाही.

आता एक हकीकत सांगतो. मी कर सल्लागार आहे, अनेक तपासण्यांना बसलो आहे, पण व्हॅट तपासणी म्हटलं की मला हीच आठवते.

आमचे एक फरशी बसवणारे कंत्राटदार. एकटा माणूस, हाताखाली दोन मदतनीस. त्यांच्याकडे एका वर्षाची तपासणी निघाली. अधिकारी बाई आल्या, शांत स्वभावाच्या. पहिला तासभर बिलं बघितली, बँकेचं स्टेटमेंट बघितलं, सगळं जुळत गेलं. मला वाटलं, दुपारी मोकळे होऊ. मग बाईंनी एक कोरा कागद घेतला आणि खरेदीच्या बिलांवरून टाइल्सचे चौरस मीटर लिहायला सुरुवात केली. एकाखाली एक. बेरीज आली एकोणीसशे. मग विक्रीच्या बिलांवरून बसवलेल्या फरशीचे चौरस मीटर. ते आले साडेचौदाशे.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुटफूट किती धरता?"

कंत्राटदार म्हणाले, "कापाकापी, फूटतूट धरून दहा टक्के."

"म्हणजे साडेचौदाशेला सोळाशे लागले. उरलेल्या तीनशे मीटर टाइल्स कुठे बसवल्या?"

श्रोतेहो, हा प्रश्न किती खोल आहे बघा. तीनशे चौरस मीटर म्हणजे दहा न्हाणीघरं, भिंती आणि जमीन धरून. ती कामं बिल न फाडता, रोख पैसे घेऊन केली असतील, तर त्यावरचा कर बुडाला. कुठलाही जाणता अधिकारी हा हिशोब करतो. मालावरून काम मोजतो. रंगाच्या डब्यांवरून भिंती मोजतो, वायरच्या बंडलांवरून पॉइंट मोजतो. विक्रीची बिलं लपवता येतात, पण खरेदीची बिलं आपणच कर परत मागायला त्यांच्यापुढे ठेवलेली असतात.

कंत्राटदारांचा चेहरा उतरला. मीही गप्प होतो, कारण या प्रश्नाचं उत्तर वह्यांमध्ये नव्हतं. थोड्या वेळाने ते उठले, गाडीतून एक जाड पुठ्ठ्याची रोजनिशी घेऊन आले. कडा सिमेंटने पांढऱ्या झालेल्या, आत कुठे निळी शाई, कुठे काळी, कुठे सुताराची जाड पेन्सिल. साइटवरून निघताना गाडीत बसून दोन ओळी लिहायची त्यांची सवय. मला त्या वहीचा पत्ताही नव्हता. त्यांनी पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: "मोठा हॉल. टाइल पोकळ वाजते. खालचा कोबा ओला राहिला. सगळं काढायचं. २४० मीटर. माल माझ्या अंगावर."

झालं असं होतं, की कोबा पुरता वाळायच्या आत फरशी बसवली गेली आणि महिन्याभरात ती सुटायला लागली. ग्राहकाकडून दुसऱ्यांदा पैसे मागायचा प्रश्नच नव्हता. यांनी सगळी फरशी उखडली, नवीन माल आणला आणि फुकट बसवून दिली. म्हणून खरेदी दोनदा, बिल एकदाच.

बाईंनी ते पान वाचलं. मागची दहा पानं वाचली, पुढची दहा वाचली. मग म्हणाल्या, "हे तुम्ही लिहिलंत. दुसऱ्या कुणाचा कागद आहे का?" त्याच पानाला टाचलेली एक पावती होती. राडारोडा टाकायला नेला, त्या ठिकाणची. वजन, तारीख, गाडीचा नंबर. वजन बघून बाईंनी मान हलवली. एवढं वजन उखडलेल्या फरशीचंच असणार. मग त्यांनी टाइल्सच्या दुसऱ्या खरेदीचं बिल काढलं. पावतीनंतर चार दिवसांचं. तेच मॉडेल, तोच रंग. रोजनिशी, राडारोड्याची पावती, दुसरं बिल. तीन कागद तीन वेगवेगळ्या हातांचे, आणि तिन्हींची गोष्ट एकच.

तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. २४० मीटरला तुटफूट धरून २६४ गेले, तरी चाळीसेक मीटर उरतातच. "चला, गोदाम बघू," म्हणाल्या. गोदाम म्हणजे घरामागची शेड. तिथे स्वतः पेट्या मोजल्या, पेटीवरचे मीटर वाचले, गुणाकार केला. चाळीसच्या आसपास माल निघाला. वेगवेगळ्या रंगांच्या उरलेल्या पेट्या, कुणी फेकून दिल्या असत्या. यांनी ठेवल्या होत्या, दुरुस्तीला लागतात म्हणून. बाईंनी वही मिटली.

त्या तपासणीत एक चूक मात्र निघाली. तिमाही संपताना ग्राहकाकडून आलेली उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, यांनी पुढच्या तिमाहीत, काम सुरू झाल्यावर दाखवली होती. बऱ्याच ठिकाणी नियम असा, की काम व्हायचं असलं तरी उचल मिळाली की त्या रकमेवर त्याच काळात कर लागू होतो. यांनी कर आणि व्याज भरलं, विषय संपला.

मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो, आणि इथे थोडं विषय सोडून बोलतो. शाळेत आपण मुलांना चक्रवाढ व्याज शिकवतो. बिल कसं लिहायचं, दिवसाची नोंद कशी ठेवायची, हे शिकवत नाही. शंभरातली कितीतरी मुलं पुढे कधी ना कधी कुणाला तरी बिल देणार असतात. आठवीनववीत महिनाभर एक साधी रोजमेळाची वही ठेवायला लावावी, असं माझं ठाम मत आहे. हिशोबाचं ॲप आलं म्हणून ही सवय लागत नाही. ॲपमध्ये रक्कम जाते, "कोबा ओला राहिला" हे कुठे जातं?

बरं, पत्र आल्यावर करायचं काय? आधी ते पत्र खरं आहे का ते बघा. पत्रावर छापलेल्या नंबरवर फोन करू नका, खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून नंबर घ्या आणि विचारा. मग कोणता काळ, कोणते कागद मागितलेत ते वाचा. वेळ थोडा असतो. ब्रिटनमध्ये साधारण सात दिवस आधी कळवतात, भारतात जीएसटी ऑडिटला निदान पंधरा कामकाजाचे दिवस देतात. तारीख अगदीच अडचणीची असेल तर लेखी विनंती करून पुढची मागा.

त्या दिवसांत सगळी कपाटं आवरत बसू नका. त्या काळातली दहाबारा बिलं उचला, मोठीही आणि छोटीही. प्रत्येक बिलावरून बँकेतल्या नोंदीपर्यंत जा, तिथून रिटर्नमधल्या आकड्यापर्यंत. मग उलटं करा. बँकेत जमा झालेली एकेक रक्कम घ्या आणि तिचं बिल शोधा. भावाने परत केलेले पैसे, विकलेली जुनी मोटारसायकल, जे काही बिलाशिवाय जमा झालंय, त्याच्यापुढे आजच कारण लिहा. पुन्हा सांगतो: बिलावरून बँकेकडे आणि बँकेवरून बिलाकडे, दोन्ही बाजूंनी चाला. अधिकारी याच वाटेने येणार आहेत. घरखर्च आणि धंदा एकाच खात्यातून चालवणाऱ्यांना ही वाट फार लांब पडते. दुसरं खातं उघडायला एक सकाळ लागते, तेवढी काढा. गाडी आणि फोन घरीही वापरत असाल तर धंद्याचा हिस्सा कसा ठरवला, ते एका कागदावर मांडून ठेवा.

हे करताना चूक सापडली तर अधिकारी यायच्या आधी स्वतःहून कळवा. बऱ्याच देशांत त्याने दंड कमी होतो. ब्रिटनमध्ये निष्काळजीपणाची चूक कुणी विचारायच्या आत सांगितली तर दंड शून्यावरही येऊ शकतो. तपासणीची सूचना मिळाल्यावर ती सवलत आटते. जुन्या तारखेचा कागद आज बनवू नका, कितीही मोह झाला तरी. आज लिहिताय ते आजची तारीख घालूनच लिहा. चुकीला व्याज लागतं, बनावट कागदाला खटला लागू शकतो.

तपासणीच्या दिवशी एक मोकळं टेबल द्या. विचारलं तेवढंच सांगा, ठाऊक नसेल तर "बघून सांगतो" म्हणा आणि खरंच बघून सांगा. अंदाजाने दिलेलं उत्तर नोंदवलं जातं. मूळ कागद नेत असतील तर यादी करून त्यावर सही घ्या. शेवटी जे निष्कर्ष असतील ते लेखी मागा, आणि न समजलेल्या जबाबावर तिथल्या तिथे सही करू नका. निर्णय पटला नाही तर अपील करता येतं. त्याची मुदत निर्णयाच्या पत्रावरून मोजतात. ब्रिटनमध्ये ३० दिवस, भारतात जीएसटीखाली ३ महिने. पत्र हातात पडलं की शेवटची तारीख त्याच पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

नमस्कार.