राहता वाडा : विश्रामबाग

तुळशीबागेतली खरेदी आटोपून बाजीराव रस्त्यावर आलात की मान जरा वर करा. हा सज्जा बघा. लाकडाचा, अंगभर कोरलेला. खालून दिवसभर गर्दी वाहते, वर बघायला कुणाला सवड नसते.

हा विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावांनी १८०७ मध्ये बांधून पुरा केला, २ लाख रुपये खर्चून. घराण्याचा शनिवारवाडा असताना त्यांचा जीव रमला तो इथे. अकरा वर्षं.

आत या. हे सुरूदार खांब. सुरूच्या झाडासारखे, बुडाशी भरलेले, वर निमुळते होत गेलेले. माथ्याशी केळफूल, त्याची पाकळी न् पाकळी सुटी. जुन्या वाड्याच्या दुरुस्तीत असा खांब बदलायची घाई करायची नसते. किडलेला तेवढाच भाग काढायचा आणि मुरलेलं सागवान सांध्यात बसवायचं. भिंतीला सिमेंट तर नकोच. ओल आत कोंडते, लाकूड कुजतं. तिथे चुनाच लागतो, आणि चुना वाळायला वेळ घेतो. तो वेळ द्यावाच लागतो.

१८१८ मध्ये राज्य गेलं, बाजीरावांची रवानगी बिठूरला झाली. त्यांच्या पत्नी वाराणसीबाई मात्र याच वाड्यात राहिल्या. १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा उघडली, पेशवे वाटत त्या दक्षिणेच्या पैशातून. ज्या वाड्याच्या दिवाणखान्यात नाचगाणं रंगायचं, त्या वाड्यात आता पाठांतराचे आवाज. पुढचं डेक्कन कॉलेज याच पाठशाळेतून वाढलं.

मे १८७९ मध्ये आग लागली. बुधवारवाडा त्यात पार गेला. इथली पूर्वेची, म्हणजे रस्त्याकडची बाजू जळाली. ती लोकांनी वर्गणी काढून पुन्हा उभी केली. आपण मघाशी मान वर करून पाहिली तीच ही बाजू. पेशव्यांच्या वाड्याला पुणेकरांनी आपल्या खिशातून दिलेलं हे तोंड आहे, आणि मला ते सगळ्या नक्षीहून मोलाचं वाटतं. पुढे नगरपालिकेचा कारभारही इथूनच चालला, १९५९ पर्यंत. या घरात सतत कुणी ना कुणी होतं, म्हणून ते टिकलं.

पेठांमधले कितीतरी वाडे पडले, तिथे इमारती आल्या.

चौकात ऊन उतरलंय. दिवाणखान्याकडे जायचा जिना या बाजूला आहे. चला, वर जाऊ.