कॉर्नवॉलचे पांढरे डोंगर

लोणच्याच्या बरणीला आपण चिनी मातीची बरणी म्हणतो, पण ही चिनी माती जमिनीतून कशी निघते हे मी इथे येईपर्यंत कधी कुणाला विचारलंच नव्हतं. इथे म्हणजे इंग्लंडच्या पार नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, सेंट ऑस्टेलच्या आसपासची ही गावं. समोर तो पांढरट सुळका दिसतोय ना, तो डोंगर नाहीये, खाणीतून काढून टाकलेल्या वाळूचा ढीग आहे. बहुतेक पर्यटक ईडन प्रोजेक्टचे काचेसारखे घुमट बघायला येतात, तेही बोडेल्वाच्या जुन्या मातीच्या खाणीतच उभे आहेत, २००१ला उघडले, छानच आहेत, पण मला तुम्हाला हा ढीग दाखवायचाय.

सुरुवात झाली साधारण १७४६ला. प्लिमथमधला एक औषधविक्रेता, विल्यम कुकवर्दी, चीनमधून येणाऱ्या महागड्या भांड्यांसारखं भांडं इंग्लंडमध्ये बनवायच्या मागे लागला होता, त्याला कॉर्नवॉलमधल्याच ट्रेगॉनिंग हिल या टेकडीवर ही माती सापडली आणि पुढची वीसेक वर्षं प्रयोग करून करून १७६८ला त्याने पेटंट घेतलं. मग सेंट ऑस्टेलकडे याहून मोठे साठे मिळाले, आणि सगळा धंदा तिकडे सरकला.

ही माती म्हणजे आतून कुजलेला ग्रॅनाइट. हातात घेऊन चोळली तर मैद्यासारखी लागते, पण मध्येच वाळू बोचते आणि बोटांना अभ्रकाची चमक राहते. हेच तर वेगळं करायचं असतं, म्हणून खाणीच्या उतारावरून पाणी सोडायचे, माती पाण्याबरोबर वाहायची, जड वाळू आधी खाली बसायची, मग अभ्रक, आणि उरायचं दुधासारखं पाणी. ते हौदात निवळायचं, खालचा गाळ वाळवायचा. एक टन माती मिळवायला नऊ टनांपर्यंत टाकाऊ माल निघायचा, आणि तो सगळा असा बाहेर रचला जायचा. नद्यासुद्धा पांढऱ्या वाहायच्या!

आणि बायका. खाणीला इथल्या जुन्या भाषेत 'बाल' म्हणत, म्हणून या 'बाल मेडन', म्हणजे खाणीतल्या पोरी. डोक्याला पांढरं टापरं बांधून, वाळलेल्या मातीचा एकेक ठोकळा हातात घेऊन त्यावरची वाळू खरवडायच्या, दिवसभर तेच. लंडनच्या टेबलावरचा कप पांढराशुभ्र दिसायचा तो या खरवडण्यामुळे, हे मला फार लागलं.

मग आलं १९१३. सुमारे ५,००० कामगारांनी जुलैमध्ये संप केला, मागणी आठवड्याला २५ शिलिंग आणि युनियनला मान्यता, बास. मालक हलेनात. थेट वेल्समधून, ग्लॅमॉर्गनहून पोलीस आणले आणि ब्यूगल गावाजवळ लाठीमार झाला, माणसं रक्तबंबाळ झाली, तरी संप चाललाच होता. दहा-अकरा आठवडे घरात पैसा नाही, चूल कशी पेटत असेल विचार करा. ऑक्टोबरमध्ये शेवटी रिकाम्या हाताने सगळे परत खाणीत उतरले. आणि काही महिन्यांतच, १९१४ उजाडल्यावर, मालकांनी स्वतःहून मजुरी वाढवली.