धोटा गेला, कांडीही गेली

नमस्कार श्रोतेहो. यंत्रं माणसांच्या नोकऱ्या खाणार का, हा विषय निघाला की गप्पा लगेच एआयवर, नाहीतर थेट अमेरिकेवर जातात. मी तुम्हाला इचलकरंजीला नेतो.

1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग बसवला. मग गल्लोगल्ली माग झाले. साध्या मागात धोटा इकडून तिकडं धावतो आणि त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की कामगारानं माग थांबवायचा, नवी घालायची, पुन्हा सुरू. एकेकाकडे चार, सहा, आठ माग. ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला तरी या मागाला पत्ता लागत नाही, तो आपला विणतच राहतो आणि कापड खराब होतं. म्हणून कामगाराची नजर सतत फिरती असते. त्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, पण मागाचा आवाज जरा बदलला तर जुन्या माणसाला बरोबर कळतं.

आता शटललेस माग आले. एअरजेटमध्ये धोटाच नाही, हवेच्या झोतानं बाणा, म्हणजे आडवा धागा, पलीकडं जातो. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आतबाहेर धागे टाकतो, हा सहज पाचशे-सहाशेच्या वर जातो. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची पातळ पट्टी बसवलेली असते, तिला ड्रॉपर म्हणतात. धागा तुटला की पट्टी खाली पडते, माग आपोआप थांबतो आणि वर दिवा लागतो. कामगारानं दिवा बघून जायचं आणि गाठ मारायची. कानाचं कसब तिथं कुणी विचारत नाही.

यात गेलं कुणाचं? विणणाऱ्याचं काम उरलं, तेवढ्याच कापडाला माणसं मात्र कमी लागू लागली. कांडी भरणाऱ्यांचं काम साफ गेलं, कारण बाणा आता थेट कोनावरून, म्हणजे सुताच्या मोठ्या शंकूसारख्या रिळावरून येतो. कांडी मशीनवर बायकाही होत्या. माग बदलताना त्यांना कुणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

मजुरीचा हिशोबही बदलतो. साध्या मागावर 52 पिकाच्या, म्हणजे इंचाला बाण्याचे 52 धागे असलेल्या कापडाला मीटरमागं इतके पैसे, अशी बोली. जेवढं कापड निघालं तेवढी मजुरी. नव्या मागाच्या स्क्रीनवर पाळीची एफिशियन्सी टक्क्यांत दिसते, माग किती वेळा थांबला तेही दिसतं. आधी मालक कापड मोजायचा, आता मिनिटं मोजतो. पगार ठरलेला मिळतो हे चांगलंच, पण चहाला गेलेली पाच मिनिटंही नोंदली जातात.

उसाच्या फडातही असंच चाललंय. बीडकडून येणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर. हार्वेस्टर आला की दोघांचंही काम जातं. यंत्रावर चालक म्हणून कुणी बसलाच तर तो बहुतेक पुरुष. शिवाय वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे! हातानं तोडलेल्या उसाचे वाढे जनावरांना जातात, विकून चार पैसेही येतात. यंत्र शेंडे कापून तिथंच उडवून देतं. ही कमाई कुठल्याच करारात नव्हती, त्यामुळं ती बुडाल्याची नोंदही कुठं नाही.

याउलट बँकांचं बघा. 1983 साली व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटनांनी यंत्रं येण्याआधीच करार केला. यंत्रं कुठली, किती, हे टेबलावर बसून ठरलं. खात्यांच्या नोंदी करणारं लेजर पोस्टिंग मशीन चालवणाऱ्याला विशेष भत्ता मिळाला. संगणकीकरण रेंगाळलं, ग्राहक रांगेत ताटकळले, हेही खरं. मी स्वतः त्या रांगांना वैतागलेला माणूस आहे. तरीही कामगाराच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी त्या टेबलाशी होतं.

कापडधंद्याला नवी यंत्रं घ्यायला केंद्राची टफ योजना 1999 पासून मिळाली, कर्जाच्या व्याजात सवलत होती. त्याच पैशातला एखादा हिस्सा कांडीवालीला नवा माग शिकवायला राखून ठेवायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. ती वेळ गेली. हार्वेस्टरला सरकारी अनुदान मिळतंय, तिथं अजून वेळ आहे. ज्याला अनुदान हवं त्यानं एका तरी कोयत्याला यंत्राचं काम शिकवावं, आणि शिकवायचं तर दोघांना, अशी अट घालायला काय हरकत आहे?