दोन शतांशाची डाय

(पडद्यावर: पत्र्याचं शेड. दाराशी वखराच्या पासा आणि ट्रॉलीच्या पिना.)

वर्धा जिल्ह्यातलं एक खेडं. सोयाबीन निघायच्या दिवसांत या शेडसमोर ट्रॅक्टरची रांग लागते. कुणाच्या थ्रेशरचा शाफ्ट झिजलेला असतो, कुणाच्या मोटरपंपाचं बुश गेलेलं असतं. लेथवर उभे असलेल्या भाऊंना या कामांत माप थोडं इकडेतिकडे चालतं. आज मात्र त्यांच्या हातात वेगळं काम आहे आणि त्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब आहे.

भाऊंची पुतणी कॉलेजात शिकते आणि दहा मीटर एअर रायफलचा सराव करते. या खेळात लक्ष्याच्या मधला दहाचा ठिपका असतो अवघ्या ०.५ मिलिमीटरचा. एका फेरीत ६० गोळ्या झाडायच्या. प्रत्येक छर्ऱ्याचे जास्तीत जास्त १०.९ गुण, म्हणजे पूर्ण फेरीचे ६५४. इथे एकेक दशांश गुण मोजला जातो, म्हणून छर्रासुद्धा नेमबाजाइतकाच नेमका लागतो.

छर्रा नावाला ४.५ मिलिमीटरचा. चांगल्या कंपन्यांचे स्पर्धेचे छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ अशा डोक्याच्या मापांत वेगवेगळ्या डब्यांत मिळतात, कारण रायफलच्या प्रत्येक नळीला मानवणारं माप वेगळं असतं. ते डबे महाग. रोजच्या सरावाला स्वस्त छर्रे येतात आणि त्यांची डोकी एका मापाची नसतात. ती एका मापात आणायला हवी डाय, म्हणजे नेमक्या मापाचं भोक असलेला पोलादी साचा.

बंदुकीच्या काडतुसातल्या गोळ्यांसाठीही अशा डाय असतात. शिशाची ओतीव गोळी एका बाजूने ढकलायची, ती मापात दाबली जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. पण आपल्याकडे दारूगोळा बनवायला १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. या शेडमध्ये ते काम होत नाही आणि होऊ नये. इथे फक्त एअर रायफलचा छर्रा आहे, आणि त्याची गरजही निराळी आहे.

(पडद्यावर: तळहातावर एक छर्रा, अगदी जवळून.)

नीट बघा. पुढे डोकं, मधे बारीक कंबर आणि मागे पोकळ, पातळ झालर. झालर डोक्यापेक्षा रुंद असते. हवेचा दाब आला की ती नळीला चिकटून बसते, मागची हवा पुढे निसटू देत नाही. हा छर्रा गोळीसारखा आरपार ढकलला, तर झालरही दाबली जाईल आणि तिचं कामच बिघडेल. म्हणून भाऊंनी ठरवलं, दाबायचं ते फक्त डोकं.

त्यांनी सिल्व्हर स्टीलचा १६ मिलिमीटर जाड दांडा घेतला. चकमध्ये धरून तोंड साफ केलं, सेंटर मारला, आधी ४.२ चं ड्रिल, मग ४.४ चं. शेवटी ४.५ चा रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार, अगदी कमी वेगात, कटिंग ऑइलचे थेंब सोडत. रीमर बाहेर काढतानाही उलटा फिरवायचा नाही, नाहीतर त्याची धार जाते आणि भोकात ओरखडे पडतात. मग तोंडाकडून थोड्या खोलीपर्यंत ५.५ चं ड्रिल. त्या रुंद जागेत झालर मोकळी राहील आणि डोकं तेवढं पुढच्या अरुंद भागात जाईल. जिथे रुंद भोक संपून अरुंद सुरू होतं, तिथली कड भाऊंनी हलक्या हाताने मारली. ती कड तशीच ठेवली असती, तर शिशाचा कीस निघाला असता.

भाऊ म्हणतात, "भोक त कोनीही पाडते बाप्पा. त्याले मापात ठेवनं, हे खरं काम हाये."

आता पाणी द्यायचं, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून पोलाद कडक करायचं. भट्टीत दांडा लाल होतो. भाऊ मधूनमधून तारेला बांधलेलं चुंबक जवळ नेतात. साधारण ७७० अंशांवर पोलाद चुंबकाला धरेनासं होतं, ही त्यांची खूण. त्यानंतर जरा आणखी उष्णता आणि मग दांडा सरळ उभा पाण्यात. आडवा टाकला तर एक बाजू आधी आकसते आणि तुकडा वाकडा होतो. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नाईकुंडला उत्खननात लोखंड गाळायची प्राचीन भट्टी सापडली आहे. या मुलखाने लोखंड आणि आग फार पूर्वीपासून ओळखली आहे.

पाणी दिलेला तुकडा काचेसारखा ठिसूळ असतो. म्हणून तो पुसून, चकचकीत करून पुन्हा हळूहळू तापवला, पृष्ठभागावर वाळल्या गवताचा पिवळा रंग येईपर्यंत. शिसं इतकं मऊ असतं, की बिनपाण्याची डायसुद्धा बराच काळ टिकली असती. तरी भाऊंनी पाणी दिलं ते बरंच केलं. शिशाला चिकटलेला धुळीचा एक कण मऊ पोलादात कायमची रेघ पाडतो, आणि ती रेघ मग प्रत्येक छर्ऱ्यावर उमटते.

पाणी दिलं की भोक थोडं हलतं. म्हणूनच शेवटचं माप आता, सगळ्यात शेवटी. रायफलची नळी मागते ४.५२. रीमरने दिलं ४.५०. मधले दोन शतांश कुठलंही ड्रिल देत नाही. पितळेच्या काडीला उभी चीर पाडून भाऊंनी लॅप, म्हणजे भोक आतून घासायची काडी, केला, त्यावर गॅरेजमधली व्हॉल्व्हची ग्राइंडिंग पेस्ट लावली आणि आतबाहेर करत भोक घासायला घेतलं.

पण मोजायचं कसं? इथल्या व्हर्निअरला दोन शतांशाखालचं वाचता येत नाही, आणि एवढ्या बारीक भोकात त्याचे जबडेही जात नाहीत. भाऊंचा उपाय मला या सगळ्या कामात सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यांनी एक निमुळती पिन केली आहे. पन्नास मिलिमीटर लांबीत ती ४.४५ पासून ४.५५ पर्यंत जाते. म्हणजे दर पाच मिलिमीटरला जाडी एका शतांशाने वाढते. पाच-पाच मिलिमीटरवर मार्करच्या रेघा. पिन मागच्या बाजूने भोकात सोडायची, कुठल्या रेघेवर अडते ते बघायचं. डोळ्याला न दिसणारा शतांश तिथे पाच मिलिमीटरचा होतो आणि साध्या पट्टीनेही मोजता येतो.

थोडं घासायचं, रॉकेलने धुवायचं, पिन घालायची. पुन्हा घासायचं. "घाई केली त नवीन दांडा घ्या लागते," भाऊ मान वर न करता सांगतात. जास्त झालेलं भोक लहान करता येत नाही.

(पडद्यावर: पुतणी छर्रा डायमध्ये ठेवते, पंच म्हणजे ढकलायची दांडी दाबते, मागून बारीक सळईने छर्रा बाहेर काढते.)

"काका, हा सैल गेला."

"बाजूले ठेव त्याले."

डाय डोकं फक्त लहान करू शकते, मोठं नाही. जो छर्रा काही अडथळा न होता आत गेला, तो मुळातच बारीक. असे छर्रे वेगळ्या डबीत जातात, म्हणजे डाय आपोआप निवडही करते. झालर चेपलेले छर्रे तर आधीच काढून टाकायचे. त्यांना कुठलीही डाय सरळ करत नाही.

हे शिसं आहे, हे विसरता कामा नये. या टेबलावर चहाचा कप येत नाही, काम झालं की साबणाने हात धुवायचे, आणि लहान मुलांना डबीला हात लावू द्यायचा नाही.

शेडमागच्या मोकळ्या जागेत, मातीच्या बंधाऱ्यासमोर, रायफल शिकंजात घट्ट धरून चाचणी झाली. एकाच डब्यातले छर्रे, आधी तसेच, मग डायमधून काढलेले. डायमधल्या छर्ऱ्यांची भोकं कागदावर एकमेकांत मिसळली. त्यातही एक बाहेर पडलं. पुतणीने पुढचे छर्रे वजनकाट्यावर घातले, तर एकाच डब्यातली वजनंही एकसारखी नव्हती. माप सारखं झालं तरी वजनाची निवड उरतेच, ती आता ती स्वतः करते.

भाऊंनी डायवर पंचाने ४५२ कोरलं आहे. तालुक्यातल्या दुसऱ्या एका मुलाच्या रायफलीला ४.५१ मानवतो. त्याच्यासाठीचा दांडा चकमध्ये लागला आहे.