घड्याळ वाचता येत नाही? आधी काटे बघा

नमस्कार मंडळी! "चष्म्याशिवाय किती वाजले ते कळतच नाही," ही तक्रार घरातल्या मोठ्यांकडून तुम्ही ऐकलीच असेल. मग आपण त्यांना मोठ्या डायलचं नवं घड्याळ घेऊन देतो, आणि तक्रार जागच्या जागी! कारण पुष्कळदा दोष डायलच्या आकारात नसतोच, काट्यांत असतो.

[क्लोजअप: चंदेरी डायल, घड्याळ हळूहळू तिरकं होतंय]

हे बघा. चंदेरी डायल, त्यावर चकचकीत काटे. आत्ता मिनिटकाटा काळा दिसतोय. जरा तिरकं केलं... गेला! पॉलिश केलेला काटा समोर जे असेल ते परावर्तित करतो. समोर पांढरी भिंत आली की तो डायलमध्ये मिसळून जातो. त्यात दोन्ही काट्यांची लांबी जवळपास सारखी असेल, तर दहा वाजून दहा मिनिटं की दोनला दहा कमी, असा घोळ होतो.

ओमेगाचं १९७० सालचं प्लोप्रोफ हे खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीचं घड्याळ मला फार आवडतं. मिनिटकाटा रुंद, नारिंगी, तासकाटा छोटासा. पाण्याखाली जीव मिनिटांच्या हिशेबावर असतो, म्हणून मान मिनिटकाट्याला.

आपल्याला एक तर काटे बदलता येतात, नाहीतर आहेत तेच रंगवता येतात. बदलायचे तर काट्याच्या भोकाचं माप जुळलंच पाहिजे. सीकोच्या ७एस२६ मशीनला, म्हणजे घड्याळाच्या आतल्या यंत्रणेला, तासकाट्याचं भोक १.५० मिमी, मिनिटकाट्याचं ०.९० आणि सेकंदकाट्याचं ०.२० मिमी लागतं.

रंगवायचे असतील तर रंग विचार करून निवडा. चंदेरी किंवा पांढऱ्या डायलवर मॅट काळा. काळ्या डायलवर लाल काटा दुकानात छान दिसतो, पण संध्याकाळच्या अंधुक उजेडात तोच काळा पडतो. तिथे पांढराच घ्या. शंका असेल तर मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. त्यात काटा उठून दिसला, तर रंग बरोबर.

[क्लोजअप: काटे काढताना]

तिन्ही काटे बारावर आणले, डायलवर पातळ प्लॅस्टिक ठेवलं, आणि दोन्ही बाजूंनी काटे काढायचे छोटे लिव्हर लावून काटा सरळ वर उचलला. रंगाचा थर अगदी पातळ हवा. भोकात रंग गेला तर काटा बसत नाही. वर जाड झाला तर काटे एकमेकांना घासतात आणि घड्याळ अडतं. सेकंदकाट्याला रंग लावू नका, त्याचं वजन वाढवायचं नाही.

परत बसवताना चावीने वेळ पुढे फिरवत राहा. तारीख बदलली की थांबा, आणि तिथेच तासकाटा बारावर बसवा. नाहीतर तारीख भर दुपारी बदलेल!

एक मात्र कळकळीने सांगते. आजोबांच्या काळातलं घड्याळ असेल आणि काट्यांवर जुना, पिवळट-तपकिरी लेप असेल, तर ते उघडू नका, खरवडू तर मुळीच नका. १९६० च्या दशकापर्यंत त्या लेपात रेडियम वापरत. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, आणि भुकटी श्वासातून आत जाते.

जुन्या एचएमटीचे मूळ काटे काढलेत तर पुडीत जपून ठेवा, मूळ भागांना मोल असतं. आणि कुठलंही घड्याळ उघडल्यावर झाकणाची रबरी रिंग तपासा. पाणी आत जात नाही ना, हे बघणारी प्रेशर टेस्ट होईपर्यंत ते पाण्यापासून लांबच ठेवा.