पावती नसलेले बिऱ्हाड

(तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

भाडेकरूच्या हक्कांवर बोलायचे ठरले, तेव्हा वाचनालयाच्या एका सभासदाने मला विचारले, "आपल्या गावात भाडेकरू हायेत तरी कोन जी?" मी मोजू लागलो. शाळेचे दोन शिक्षक, उपकेंद्राची परिचारिका, जिनिंगच्या हंगामापुरती येणारी मजुरांची बिऱ्हाडे आणि भावांच्या वाटणीनंतर घराबाहेर पडलेली दोन कुटुंबे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, मालकाशेजारी भोगवटादाराचाही रकाना असतो, पण माझ्या पाहण्यात तिथे बहुधा मालकाचेच नाव किंवा 'स्वतः' एवढाच शब्द असतो.

सरकारने गरिबाच्या घराचा विचार केलाच नाही, असे मी म्हणणार नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६पासून २५ चौरस मीटरच्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळत आले. रमाई आणि शबरी घरकुल योजनाही आहेत. पण या साऱ्यांत घर म्हणजे मालकीचे घर. स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची जी योजना २०२० साली आली, तीही शहरांसाठी. खेड्यात कोणी भाड्याने राहत असेल, हे योजना आखणाऱ्यांच्या ध्यानातच आले नसावे असे मला वाटते.

आता कायद्याकडे वळू. विदर्भ पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, त्यामुळे आपल्याकडे १९४९चा भाडे नियंत्रण आदेश चालत असे आणि घरमालकाला घर खाली करण्याची नोटीस द्यायची, तर आधी भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. पश्चिम महाराष्ट्राचा कायदा निराळा, मराठवाड्याचा हैदराबादी कायदा त्याहून निराळा. या तिन्हींच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि तो ३१ मार्च २०००पासून लागू झाला. नियंत्रकाची परवानगी गेली, प्रकरण थेट दिवाणी न्यायालयात येऊ लागले. कोर्टाच्या आवारातले जुने पक्षकार मात्र अजूनही 'कंट्रोलरसाहेबांकडे जाऊ' असेच म्हणतात.

हा अधिनियम भाडेकरूला बरेच काही देतो. मालकाला भाडे वर्षाला ४ टक्के वाढवता येते, म्हणजे २,००० रुपयांच्या खोलीमागे पहिल्या वर्षी ८० रुपये. भाडे थकले म्हणून दावा लावायचा, तर आधी लेखी मागणीची नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते. वीज-पाणी तोडून माणसाला हुसकावता येत नाही, म्हणून मालकाने रात्री फ्यूज काढून खिशात टाकला तर त्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येते. कराराची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर असते. ती त्याने टाळली, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'ची, म्हणजे मालकाच्या परवानगीने ठरावीक मुदतीपुरते राहण्याच्या कराराची, गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यात राहणारा भाडेकरू नसतो, आणि मुदतीनंतर घर न सोडल्यास त्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते.

पण हा अधिनियम अनुसूचीतल्या, म्हणजे त्याला जोडलेल्या यादीतल्या, शहरा-गावांपुरता आहे. नगरपालिकेची हद्द ओलांडून आपण खेड्यात शिरलो की बहुतेक ठिकाणी ४ टक्क्यांची मर्यादा मागे राहते. तिथे १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो, आणि महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्याला १५ दिवसांची नोटीस पुरते. भाडे किती वाढवावे, यावर त्यात काहीही बंधन नाही. सरकारच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मालकीच्या जागेला तर १९९९चा अधिनियम शहरातही लागत नाही. सरकारी जागेतून काढायचे झाल्यास त्यासाठी १९५५चा वेगळा कायदा आहे. त्यातही आधी कारणे दाखवा नोटीस द्यावीच लागते.

खेड्यातल्या भाडेकरूच्या हाती तरीही एक गोष्ट उरते. कायदेशीर मार्गाशिवाय कोणी त्याला घराबाहेर काढले, तर १९६३च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत त्याला ताब्याचा दावा लावता येतो. मात्र आपण तिथे राहत होतो, हे त्याला दाखवावे लागते, आणि आपल्याकडे गाडे नेमके इथेच अडते. पावती मागा म्हटले की लोक संकोचतात. "घरमालक काय परका हाये, त्याले पावती कशी मांगू?" हे वाक्य मी कितीदा ऐकले असेल! एका बाईंकडे सात वर्षांच्या भाड्याचा एकच पुरावा होता, तो म्हणजे मालकिणीच्या स्वयंपाकघरातील भिंतीवरचे कॅलेंडर. दर महिन्याच्या चौकटीत पेन्सिलने 'खोली ८००' लिहिलेले असे, आणि दर जानेवारीला नवे कॅलेंडर आले की जुने चुलीत जाई.

हल्ली पैसे मोबाइलवरून जातात, तेव्हा पावतीचा प्रश्न मिटला असे तरुण मंडळी मला सांगतात. बऱ्याच अंशी ते खरे आहे, कारण बँकेच्या खात्यातली नोंद हा चांगला पुरावा असतो. फक्त रक्कम पाठवताना शेऱ्यात 'ऑक्टोबरचे खोलीभाडे' असे स्वच्छ लिहा. माझ्या एका पक्षकाराने घरमालकाच्या सांगण्यावरून अकरा महिने 'उसने परत' असा शेरा टाकला. पुढे त्याचे सामान अंगणात आले, तेव्हा मालकाने कोर्टात त्याच अकरा नोंदी पुढे केल्या आणि हा आपला पाहुणा होता, उसने घेतलेले पैसे फेडत होता, असे शपथेवर सांगितले.