आवाज बंद केलेला टीव्ही

मंडळी, आमच्या फाट्यावर एक हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि भिंतीला टांगलेला टीव्ही. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेचा प्रचार ऐन भरात असताना मी तिथं चहाला गेलो. टीव्हीवर एक पुढारी गळ्याच्या शिरा ताणून बोलत होता आणि आवाज बंद. म्हटलं, "काय मालक, टीव्ही बिघडला की काय?" तर म्हणाला, "नाही गुरुजी, मीच दाबलाय. काय बोलतोय ते न ऐकताच कळतंय की."

आता हा माणूस मतदार म्हणून कंटाळला, असं आपण म्हणणार. पण वीस तारखेला सकाळी सातला तो रांगेत उभा होता. मीही होतो, म्हणून सांगतो.

शिवसेना जून २०२२ मध्ये फुटली, राष्ट्रवादी जुलै २०२३ मध्ये. तेव्हापासून आपल्या कानांवर काय काय पडलं आठवा. गद्दार, मिंधे, घरकोंबडा. 'पन्नास खोके, एकदम ओके' ही घोषणा ऑगस्ट २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर घुमली. त्या पोळ्याला काही ठिकाणी लोकांनी ती चक्क बैलांच्या अंगावर रंगवली. म्हणजे शिवीत तेव्हा जीव होता. हसू येत होतं, रागही होता. दोन वर्षांनी तीच घोषणा भोंग्यातून आली तेव्हा पारावरचा माणूस तंबाखू मळता मळता मान वर करीना.

यावरून वर्तमानपत्रात लिहून येतं की लोक वैतागून घरी बसतात. अमेरिकेत नव्वदच्या दशकात अँसोलाबेहेअर आणि अय्यंगार या दोन अभ्यासकांनी असंच मांडलं होतं की चिखलफेकीच्या जाहिरातींनी मतदान घटतं. पुढे २००७ मध्ये रिचर्ड लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले, तर तसा भक्कम पुरावा काही मिळाला नाही. आपल्याकडचा आकडा तर उलटाच आहे. २०१९ च्या विधानसभेला सुमारे ६१ टक्के मतदान झालं होतं, २०२४ ला ते सुमारे ६६ वर गेलं. शिव्यांमुळे वाढलं असं मी म्हणत नाही, लाडक्या बहिणींचे दीड हजारही होते. पण लोक घरी बसले नाहीत, एवढं नक्की.

लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला 'नोटा' दुसऱ्या क्रमांकावर आला, २७ हजारांवर मतं घेऊन. त्याची कारणं जागावाटपाच्या रागात होती, आजच्या विषयात ती ओढून आणायला नकोत. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. रागावलेला माणूसदेखील केंद्रावर जातो, शाई लावून घेतो आणि शेवटचं बटण दाबून येतो.

मग थकतं काय? कान थकतात. आणि कान थकले की कुणाचं फावतं, ते बघा. २०२४ साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याच्या कितीतरी खाली जात होता. हा मुद्दा सभांमध्ये येत नव्हता असं नाही. यायचा, पाच मिनिटं. मग वक्ता पाणी प्यायचा आणि समोरच्याच्या बापापर्यंत पोचायचा. भावावर बोलायचं तर हिशेब मांडावा लागतो, खरेदी केंद्रं किती, बारदाना आहे का, ओलाव्याची अट काय. शिवीला यातलं काही लागत नाही. दुसऱ्या दिवशी बातमीही शिवीचीच होते.

इथं एक खुलासा करतो, नाहीतर मी मिळमिळीत प्रचाराची तरफदारी करतोय असं वाटेल. विरोधकानं टीका करायचीच असते. 'तुम्ही भाव दिला नाही' हाही नकारात्मकच प्रचार, आणि तो पाहिजे. आचार्य अत्र्यांची जीभ काय सोवळी होती? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी सोडलं कुणाला? पण त्या तिखटामागे मागणी एका ओळीत सांगता येत होती, मुंबईसह महाराष्ट्र. आजच्या भाषणातून शिव्या गाळून बघा, हातात काय उरतं ते. मी हा प्रयोग वहीत करून पाहिला आहे. एका बावीस मिनिटांच्या भाषणातून दीड पान निघालं, त्यातलं अर्धं आभाराचं.

कायद्यानं मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. मोबाइलला ते कोण सांगणार, तो सोडा. पण १८ तारखेला संध्याकाळी सहाला रिक्षेवरचे भोंगे थांबले आणि फाट्यावर भट्टीचा आवाज ऐकू यायला लागला. टीव्हीवर कुठलीशी मालिका होती. बाकड्यावर दोघं जण आडतीला आज काय भाव निघाला यावर भांडत होते. एक म्हणे चार हजार, दुसरा म्हणे तुला कट्ट्यामागं किती कापलं ते आधी सांग. अर्धा तास चाललं ते. मालकानं मला दुसरा चहा दिला, तो मी मागितला नव्हता.